‘ख्रिस्ती राष्ट्रा’साठी टाळ्या कशाला?

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध, सज्जन आणि दानशूर गृहस्थांनी मिस्साचा एक हेतू आमच्याकडे पाठवला. पाकिटात दान होते आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, ‘अमेरिकेत पुन्हा ख्रिस्ती राज्य आल्याबद्दल परमेश्वराची उपकारस्तुती.’ आम्ही तो हेतू वेदीवरून वाचला नाही. पाकीट परत पाठवले, ते त्यांनी घेतले नाही. पुढे जे व्हायचे ते झाले. फादर राजकारणात शिरले, फादर डावे झाले, फादरांना आपल्याच धर्माच्या माणसाचा विजय बघवत नाही, अशी कुजबुज चर्चच्या पायऱ्यांवर सुरू झाली. बिशपस्वामींकडे एक पत्रही गेले म्हणे. त्या साऱ्याला प्रवचनपीठावरून उत्तर देणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. प्रवचनपीठासमोर बसलेल्याला उलट बोलता येत नाही. त्रैमासिकाच्या पानांवर ती सोय आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आम्ही अमेरिकेचे द्वेष्टे नाही. मराठी माणसाने अमेरिकेचा द्वेष करणे हा कृतघ्नपणाच ठरेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती, काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये तिकडे गेल्या आणि परतल्यावर त्यांनी तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला, तो १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, अमेरिकेतील स्त्रियांच्या चळवळीने भारावून गेल्या होत्या. पण काळ्या आणि मूळ रहिवासी लोकांना तेथे कसे वागवले जाते, हे पाहण्याचे डोळे त्यांनी मिटून घेतले नाहीत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. आमच्या वडिलांच्या पिढीने तर दुष्काळात अमेरिकन गहू आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. चर्चच्या आवारात कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या दूधपावडरीसाठी रांगा लागत, त्यांत सर्व जातिधर्मांची मुले भांडी घेऊन उभी असत. पोटासाठी ख्रिस्ती झालेले, हा टोमणाही आपल्या वाट्याला त्याच रांगेतून आला. अमेरिकेशी आपले नाते असे जुने आणि गुंतागुंतीचे आहे. त्यामुळेच तेथे काय चालले आहे यावर मत देण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

डिसेंबर २०२५ मध्ये नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निरगुडसरला गेलो होतो. आंबेगाव तालुक्यातील, घोड नदीच्या खोऱ्यातले हे बागायती गाव. जवळच पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना. गळिताचा हंगाम लागला की मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांत काही कुटुंबे आपल्या धर्माची असतात; त्यांच्या कोप्यांवर जाऊन आम्ही दर वर्षी मिस्सा अर्पण करतो. उसाच्या कडेला पाचटाची कोपी, आत दोन पातेली, एक पेटी, भिंतीला अडकवलेला मरियामातेचा फोटो. या भागात उसात बिबट्या असतो, तेव्हा अंधार पडला की मुलांना कोपीबाहेर सोडत नाहीत.

सोबत आमच्या धर्मग्रामातला एक तरुण होता. संगणकशास्त्र शिकलेला, अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारा, मनाने निर्मळ. मिस्सा आटोपल्यावर त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ती स्वतःच १८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसारित केलेली. परत पाठवल्या जाणाऱ्या माणसांच्या हातापायांत बेड्या चढवल्या जात आहेत आणि साखळ्यांचा खळखळाट कानाला गोड वाटावा अशा बेताने ध्वनिमुद्रित केला आहे. आमचा तरुण हसत होता. चुलीपाशी बसलेल्या बाईने मान वळवून विचारले, ‘‘काय केलं वो त्यांनी?’’ तो म्हणाला, ‘‘कागद नव्हते त्यांच्याकडे. बाहेरून आलेले लोक आहेत.’’ बाई पुन्हा चुलीकडे वळली आणि म्हणाली, ‘‘आमीबी भायेरचेच की.’’

तरुणाने मोबाईल खिशात घातला. आम्ही त्याला काही बोललो नाही. जे बोलायचे ते येथे बोलतो, कारण दोष त्याचा एकट्याचा नाही. ती चित्रफीत त्याला ज्या गटातून आली त्यात आपल्याच धर्मग्रामातील शिक्षक आहेत, सेवानिवृत्त बँक अधिकारी आहेत, रोझरी सांगणाऱ्या माता आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला जे अमेरिकन लष्करी विमान उतरले त्यातून १०४ भारतीय बेड्या घालून आणले गेले. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्याही दिवशी आपल्या गटांत हळहळीऐवजी ‘कायदा म्हणजे कायदा’ असेच संदेश फिरत होते. देशाला आपल्या सीमा राखण्याचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभेनेही कधी नाकारलेले नाही. पण माणसाला परत पाठवणे वेगळे आणि त्याच्या बेड्यांची करमणूक करणे वेगळे. हा फरक ज्याला कळत नाही त्याने क्रुसाच्या वाटेची भक्ती चौदा स्थानके फिरून कशासाठी करावी?

या क्रौर्याला धर्मशास्त्राचा मुलामा देण्याचे काम मात्र एका कॅथॉलिकाने केले, याचे आम्हांला अधिक दुःख आहे. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांनी २०१९ साली कॅथॉलिक धर्म स्वीकारला आणि संत ऑगस्टीन यांना आपला आश्रयदाता संत मानले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे प्रेमाला क्रम असतो : आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव, आणि मग उरलेले जग. ऐकायला हे किती घरगुती आणि पटण्यासारखे वाटते! सेमिनरीत आम्हीही प्रेमाचा क्रम शिकलो. आई आपल्या लेकराला आधी भरवते, यात पाप नाही. परंतु त्या क्रमाचा अर्थ दारात जखमी होऊन पडलेल्याला ओलांडून जाण्याची परवानगी, असा कोणत्याही प्राध्यापकाने आम्हांला शिकवला नाही. १० फेब्रुवारी रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिले आणि खरा प्रेमक्रम समजून घ्यायचा तर दयाळू शोमरोन्याच्या दृष्टान्तावर मनन करा, असे सुचवले. त्या दृष्टान्तात याजक आणि लेवी यांनीही बहुधा आपापला क्रम नीट पाळला होता.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. कॉन्क्लेव्ह भरण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पोपच्या वेषातील आपले बनावट चित्र प्रसिद्ध केले. आपल्याकडे कोणी पुढाऱ्याने असे केले असते तर आपण मोर्चा काढला असता. याच गृहस्थांनी मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, अमेरिकेची राज्यघटना आत बांधलेले पवित्र शास्त्र ५९.९९ डॉलरना विकायला काढले होते, तेव्हाही आपण गप्प होतो. ८ मे २०२५ रोजी पोपपदी आले ते शिकागोत जन्मलेले, पेरू देशात मिशनरी म्हणून आयुष्य घालवलेले आणि ऑगस्टिनियन संघाचे माजी प्रमुख, लिओ चौदावे. अमेरिकेला पहिला पोप मिळाला आणि तो संत ऑगस्टीनचाच वारसदार निघाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी सरसकट हद्दपारीविरुद्ध जो संदेश काढला, त्याला २१६ मते अनुकूल पडली, प्रतिकूल अवघी ५. एरवी ज्या बिशपांत अनेक प्रश्नांवर तट पडलेले आहेत, त्यांचे हे एकमत आहे. आपल्या गटांत या संदेशाचा एक शब्द फिरला नाही.

संत ऑगस्टीनचे नाव निघाले म्हणून इतिहासाचे एक पान उलटू. मे १८४४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात जमावाने दोन कॅथॉलिक चर्चेस जाळली, संत मायकल आणि संत ऑगस्टीन. जाळणारे ख्रिस्तीच होते, प्रॉटेस्टंट. कॅथॉलिकांचा अपराध कोणता? ते आयर्लंडहून आलेले गरीब निर्वासित होते, ते रोमच्या आज्ञेतले असल्याने त्यांची देशनिष्ठा संशयास्पद होती, आणि सरकारी शाळेत आमच्या मुलांवर प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्र लादू नका, अशी त्यांच्या बिशपांनी विनंती केली होती. वाचकहो, यातले एकेक वाक्य सावकाश वाचा. बाहेरचे, परनिष्ठ, शाळेतल्या प्रार्थनेला विरोध करणारे. हे आरोप आपण कोठे ऐकले आहेत? शंभराहून अधिक वर्षांनंतरही, १२ सप्टेंबर १९६० रोजी, जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे उभे राहून सांगावे लागले की मी पोपच्या हुकमाने राज्य चालवणार नाही.

‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणजे नेमके कोणत्या ख्रिस्ती लोकांचे राष्ट्र, हा प्रश्न आजही तसाच आहे. लुईझियाना राज्याने २०२४ मध्ये आणि टेक्ससने २०२५ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. त्यावर लगेच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. आपल्या काही बंधूंना हे ऐकून भरून आले. त्यांनी त्या फलकावरील मजकूर वाचला आहे काय? तो प्रॉटेस्टंट वळणाचा आहे. कोरीव मूर्ती करू नको, ही ओळ त्यात ठळकपणे स्वतंत्र आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आज्ञांची मांडणी तशी नसते, हे प्रथम कम्युनियनला बसलेले पोरही सांगेल. वेलंकणी मातेपुढे मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या आजीबाईंना त्या वर्गात बसवले तर पहिली आरोपी त्याच ठरायच्या. सरकारच्या हातात धर्मग्रंथ गेला की त्याचे भाषांतर, त्याची मांडणी आणि त्याचा अर्थही सरकारच ठरवणार. आज तुमच्या बाजूने, उद्या विरुद्ध.

हे शहाणपण आपल्या ख्रिस्तसभेला अमेरिकेनेच शिकवले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. असत्याला हक्क नसतो, म्हणून कॅथॉलिक राज्यात इतर धर्मांना फार तर सहन करावे, असे आपले जुने पंडित सांगत. जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेज्वीट धर्मगुरूने आपल्या देशाच्या अनुभवावरून वेगळी मांडणी केली : हक्क मताला नसतो, माणसाला असतो, राज्याने धर्मात पडू नये, त्यातच धर्माचे भले आहे. १९५५ मध्ये रोमहून त्यांना या विषयावर लिहिणे थांबवण्यास सांगण्यात आले. त्यांनी आज्ञा पाळली. पुढे त्याच मरे यांना दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत तज्ज्ञ म्हणून बोलावणे आले आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसृत झाला. त्यामागे त्यांच्या चिंतनाचा मोठा वाटा होता. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत राजधर्म स्थापण्यास मनाई केली. १७९७ मध्ये त्रिपोलीशी केलेल्या तहात तर अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे त्या देशाने लेखी दिले. ‘पुन्हा ख्रिस्ती राज्य आले’ या आमच्या मित्रांच्या वाक्यातला ‘पुन्हा’ हा शब्दच खोटा आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. टेक्ससमधील शुगर लँड येथे एका मंदिराच्या आवारात ऑगस्ट २०२४ मध्ये हनुमानाची नव्वद फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे सेनेटची उमेदवारी मागणाऱ्या एका राजकारण्याने जाहीर विचारले की खोट्या देवाची ही खोटी मूर्ती आपण का चालू देतो, आपण तर ख्रिस्ती राष्ट्र आहोत. अमेरिकेतील हिंदू बांधव संतापले. योग्यच संतापले, त्यांनी पहिल्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवले. तेथे गणेशोत्सव करणारी हजारो मराठी कुटुंबे, चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले, २०२२ साली डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेले श्री ठाणेदार, हे सारे त्याच दुरुस्तीच्या छत्राखाली उभे आहेत. आपल्यातले काही जण मात्र ही बातमी वाचून गालातल्या गालात हसले. आम्ही त्यांना विचारतो, २५ जुलै २०२५ रोजी दुर्गच्या रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना धर्मांतराच्या संशयावरून धरले, आठवडाभर तुरुंगात ठेवले, तेव्हा तुम्ही राज्यघटनेचे कोणते कलम आठवत होता? हनुमानाची मूर्ती तिथे नको आणि क्रूस इथे हवा, हा न्याय कोणत्या तराजूत तोलायचा?

आपल्या घटनेतल्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. घटना समितीत त्या शब्दावर वाद झाला तेव्हा त्याच्या बाजूने टी. टी. कृष्णमाचारी बोलले, कन्हैयालाल मुन्शी बोलले. हे हिंदू होते, बहुसंख्याक होते, त्यांना आपल्या मतांची गरज नव्हती. त्यांनी अल्पसंख्याकांचा शब्द राखला. आज अमेरिकेत आपले धर्मबांधव बहुसंख्याक आहेत आणि तेथील अल्पसंख्याकांचा शब्द राखण्याची पाळी त्यांची आहे. ती त्यांनी टाळली तर आपण टाळ्या वाजवायच्या?

यावर आम्हांला एक उत्तर नेहमी मिळते. ‘‘फादर, जगात ख्रिस्ती लोकांसाठी बोलणारा तोच एक आहे.’’ छळाच्या बातम्यांनी भेदरलेल्या माणसाचे हे उत्तर आहे, म्हणून आम्ही त्याची टर उडवणार नाही. पण दूरदेशीच्या रक्षणकर्त्याने आपले कधी भले केले, ते एकदा सांगा. १९५६ साली नागपूरच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांच्या समितीने मिशनरी कार्यावर अहवाल दिला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. त्या अहवालातला मुख्य सूर कोणता? यांचा पैसा परदेशी, यांची निष्ठा परदेशी. पुढे ओरिसात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतरविरोधी कायदे झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही अशा कायद्याचा विचार करण्यास पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नेमक्या त्याच दिवसांत आपण वॉशिंग्टनच्या गादीवर ‘आपला माणूस’ बसल्याचे पेढे वाटत होतो. आरोप करणाऱ्याला पुरावा आपण स्वतः घरपोच करतो, तोही मोबाईलवरून, फुकट.

गर्भपाताचा मुद्दा आम्ही टाळला, असे कोणी म्हणू नये. तो प्रामाणिक मुद्दा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निकाल २४ जून २०२२ रोजी फिरवला आणि ज्या न्यायमूर्तींनी तो फिरवला त्यांतले तिघे ट्रम्प यांनी नेमलेले होते. पोटातल्या जिवाबद्दलची ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही मानतो, शिकवतो. डेमॉक्रॅटिक पक्षाने या प्रश्नावर दाखवलेला ताठा आणि श्रद्धाळू सामान्य माणसाविषयी तेथील सुशिक्षितांच्या मनातली तुच्छता हीदेखील आजच्या परिस्थितीला जबाबदार आहे. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी उदारपणे वागणे सोडले की असेच व्हायचे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये पोप लिओ यांनी जे म्हटले ते आमच्या मनातून जात नाही. गर्भपाताला विरोध, पण स्थलांतरितांना अमानुष वागवायला संमती, ही भूमिका जीवनाच्या बाजूची म्हणता येईल की नाही, याची त्यांना शंका वाटते. निरगुडसरच्या त्या कोपीत आम्ही दोन आठवड्यांचे तान्हे पाहिले. त्याची आई बाळंत होऊन पुन्हा उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. त्या बाळाचा जन्मापूर्वीचा कैवार घेणारे आपण, जन्मानंतर ‘बाहेरचे लोक’ म्हणून त्याच्याकडे पाठ कशी फिरवतो?

देशप्रेमाचे धडे आम्हांला कोणी अमेरिकेतून मागवून देऊ नयेत. निरगुडसर ज्या तालुक्यात आहे त्याच आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू. पोटासाठी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेला, म्हणजे मुंबईच्या दृष्टीने बाहेरचाच. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाची मालमोटार अडवण्यासाठी तो रस्त्यावर आडवा झाला आणि चिरडला गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे. त्याने देशासाठी स्वतःचा देह चाकाखाली घातला. दुसऱ्याला चाकाखाली ढकलून वर टाळ्या पिटणे, याला त्याच्या तालुक्यात तरी देशप्रेम म्हणत नाहीत.

ते पाकीट अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांचे आहे त्यांनी ते घेऊन जावे. अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळो, असा हेतू त्यांनी लिहून दिला तर आम्ही तो येत्या रविवारी मोठ्याने वाचू. भारताच्या राज्यकर्त्यांसाठी तोच हेतू आम्ही दर रविवारी वाचतोच. आणि मिस्साच नको असेल, तर त्या पैशांत निरगुडसरच्या कोप्यांसाठी आठ-दहा घोंगड्या येतात. आम्ही मंचरच्या बाजारात भाव विचारून ठेवला आहे.